बाळंतिणीचा कूलर

विहीणबाईंनी माझ्या घराला भट्टी म्हणलं. तेही वीस बायांच्या देखत, अन् तेही माझ्याच घरचं श्रीखंड खात खात. तिथून हे सगळं सुरू झालं.

मोनालीच्या ओटीभरणाचा दिवस होता. मार्चचा शेवटचा रविवार. पुंडलिकनगरातलं आमचं घर एक्क्याण्णव सालचं, एकमजली, डोक्यावर उघडा स्लॅब. दुपारी बारानंतर त्या स्लॅबवर पापड ठेवले तर नुसते वाळत नाय, भाजून निघतात. अन् नेमकी त्याच दुपारी लाईट गेली. बाया पदरानं वारा घेऊ लागल्या. मोनालीच्या केसांतला गजरा सुकला. तिच्या सासूबाईंनी, म्हणजे दीपमालाबाईंनी, श्रीखंडाची वाटी खाली ठेवली, कपाळ पुसलं अन् सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ताई, राग नका मानू, पण तुमचं घर म्हंजे भट्टीच हाय. ऐन मे महिन्यात पोरीला इथं कशाला भाजायचं? बाळंतपण आमच्याकडंच करू. बजाजनगरला तीन खोल्यांत एसी हाय."

मी म्हणलं, "बघू की." अन् हसले. वीस बाया होत्या म्हणून हसले, नाहीतर माझी जीभ कशी आहे ते आमच्या गल्लीतल्या कुणालाही विचारा.

पहिलं बाळंतपण माहेरी. हे काय मी काढलेलं नाय. मी दिवाळीपासून डिंक आणून ठेवला होता. अळीव निवडून डब्यात भरले होते. जुन्या मऊ साड्यांची चौदा दुपटी शिवली होती. बाळंतिणीचे कान बांधायला सहा रुमाल तयार होते, तीन सुती अन् तीन लोकरीचे. एकुलती एक पोर माझी. अन् मला तर जायला माहेरच नव्हतं. आईची माझ्या आधीची दोन लेकरं गेली, म्हणून नजर लागू नये म्हणून तिनं माझं नाव कडूबाई ठेवलं. मी राहिले, पण आईच गेली, मी अकरा वर्षांची असताना. तेव्हा मोनालीचं बाळंतपण मी करणार हे मोनालीचं लग्न ठरायच्या आधीपासून माझ्या मनात पक्कं होतं. ते आता एका एसीपायी बजाजनगरला चाललं होतं.

बाया गेल्या तशी मी यांना म्हणाले, "आपण एसी घेऊ."

आमचे हे, काकासाहेब, चिकलठाण्याच्या एका कंपनीत तीस वर्षं मशीनवर होते. रिटायर होऊन चार वर्षं झाली अन् तेव्हापासून ते घरातल्या प्रत्येक गोष्टीचे इंजिनिअर झालेत. म्हणाले, "एसीला घर बंद लागतं. हे घर मी हवेशीर बांधलंय. आठ व्हेंटिलेटर आहेत, आठ!"

व्हय, आहेत आठ. अन् आठच्या आठ यांनीच बुजवलेत. कबुतरं येतात म्हणून तीन, धूळ येते म्हणून दोन, शेजारचा टीव्ही ऐकू येतो म्हणून एक. उरलेले दोन कशापायी बुजवले ते आता त्यांनाही आठवत नाय.

दोन दिवस घरात बोलणं बंद राहिलं. तिसऱ्या दिवशी हे स्वतःच म्हणाले, "डक्ट कूलर बसवू. गच्चीवर एक मोठा कूलर, तिथून पत्र्याचा बोगदा, अन् व्हेंटिलेटर फोडून तिन्ही खोल्यांत थंड हवा. व्हेंटिलेटर पण कामाला येतील." यांच्या व्हेंटिलेटरांचा मान राहिला अन् माझी पोर राहिली, असं म्हणून मी पण व्हय म्हणाले.

कामाला वहाबभाई आले. हे यांचे कंपनीतले जुने सोबती. आता रोशनगेटला त्यांचं पत्र्याचं दुकान आहे. माणूस शांत, दाढी पांढरी, कानावर पेन्सिल. त्यांनी पहिल्याच दिवशी व्हेंटिलेटर मोकळे करायला घेतले अन् आतून काय काय निघालं म्हणून सांगू! तीस वर्षांचे पेपर, कबुतराचं घरटं, एक मोजा, लग्नपत्रिकांचा गठ्ठा, अन् त्या गठ्ठ्यात दोन हजार चार साली हरवलेलं आमचं रेशनकार्ड. त्या रेशनकार्डापायी मी माझ्या नणंदेवर आळ घेतला होता. केसरबाई दोन वर्षं आमच्या घरची पायरी चढली नव्हती. मी कार्ड पुसून कपाटात ठेवलं. तिला फोन करायचा अजून राहिलाय.

मग बोगदा कसा बसवायचा यावर यांची अन् वहाबभाईंची जुंपली. वहाबभाई म्हणाले, "काकासाब, पत्र्याला ढाल भाहेरच्या अंगाला पायजे. नै तो पानी सीधा अंदर आता."

"कूलरमधून हवा येते, पाणी कशाला येईल?" हे म्हणाले. "उतार आतल्या अंगाला ठेवा. हवा घसरत आली पाहिजे."

"हवा कैकू घसरेगी? हवा क्या बच्चा है?"

"वहाब, मी तीस वर्षं मशीनवर होतो."

"मैं भी वहीच था ना, तुम्हारे बाजू में!"

पण घर आमचं, तेव्हा उतार आतल्या अंगाला राहिला. सगळ्यात मोठं तोंड मागच्या खोलीत ठेवायचं हे मी ठरवलं. चांगलं हात-दीड हात रुंद. वहाबभाई शिडीवर चढले, भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली अन् मला विचारलं, "भाबी, इतना बडा? ये कमरा किसका?"

"बाळंतिणीचा," मी म्हणाले.

ते शिडीवर थांबले. माझ्याकडं बघितलं, भिंतीतल्या भोकाकडं बघितलं, दाढी खाजवली. "भाबी, एक बात बोलूं?"

"नका बोलू वहाबभाई. आधीच चार दिवस उशीर झालाय. तुम्ही पत्रा कापा."

त्यांनी पत्रा कापला.

कूलर पहिल्यांदा लावला तेव्हा बोगद्यातून हवेच्या आधी धूळ आली. मी, हे अन् वहाबभाई, तिघांच्याही भुवया पांढऱ्या झाल्या. पण त्यानंतर जी हवा आली म्हणता! बाहेर बेचाळीस डिग्री अन् मागच्या खोलीत अंगावर चादर घ्यावी वाटली. पाणी मात्र हा कूलर म्हशीसारखा पिऊ लागला. आमच्याकडं नळ आठवड्याला येतो, ड्रम भरून ठेवावे लागतात. यांनी स्वतःच्या आंघोळीचं पाणी अर्ध्या बादलीवर आणलं अन् माझ्याही बादलीवर लक्ष ठेवू लागले. मी ते सोसलं. पोरीसाठी सोसलं.

एप्रिलात विहीणबाई तपासणीला आल्या. म्हणाल्या, "सहज आले." सहज कोण शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या बजाजनगरहून भर दुपारी येतं? मी त्यांना मागच्या खोलीत नेलं, मुद्दाम बोगद्याच्या तोंडावरच्या जाळीच्या बरोबर खाली खुर्ची मांडली अन् कूलर फुल केला. पाच मिनिटांत बाईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. दहा मिनिटांत शिंक दिली. मी म्हणलं, "कमी करू का हो? भट्टीत गार वाटू लागलं का?"

"ठीक हाय," त्या म्हणाल्या. "पोरीची चिंता मिटली."

मोनाली मेच्या पहिल्या आठवड्यात आली. जावईबापू शिवम तिला सोडून गेले. ती त्या जाळीखाली झोपायची अन् म्हणायची, "आई, सासरी एसी पण एवढा चांगला नाही." मी ते वाक्य गल्लीत चार घरी सांगून आले.

मुलगी झाली. तीन किलोची, केस भरपूर, आवाज माझा. चौथ्या दिवशी दवाखान्यातून घरी आणली. मी दारात भाकरतुकडा ओवाळला, मायलेकींना मागच्या खोलीत बाजेवर निजवलं, खिडक्या लावल्या, दार लोटलं. लोकरीचा रुमाल काढला अन् मोनालीच्या कानांवरून हनुवटीखाली गच्च बांधला. पायात मोजे घातले. ती म्हणाली, "आई, गरम होतंय." मी म्हणलं, "व्हायलाच पाहिजे."

तेवढ्यात गच्चीवरून घरघर झाली. यांनी कौतुकानं, नातीच्या स्वागताला, कूलर फुल केला होता. जाळीतून गार वाऱ्याचा लोट थेट बाजेवर आला.

मी किंचाळले, "बंद करा! बंद करा आधी! बाळंतिणीला वारा लागू राहिला!"

कूलर बंद झाला. हे जिन्यावरून धावत खाली आले अन् दारात उभे राहिले. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी जाळीकडं बघितलं. मग आम्ही दोघांनी मोनालीकडं बघितलं. तिच्या नाकावर घामाचा थेंब आला होता.

"आई," ती म्हणाली, "बाळंतिणीला सव्वा महिना वारा लागू द्यायचा नाही ना?"

"नाय."

"पंख्याचा पण नाही?"

"नाय म्हणजे नाय."

"मग हे सगळं कोणासाठी केलं?"

दीड महिना मी या एका वाऱ्यासाठी भांडले होते, धूळ खाल्ली होती, अर्ध्या बादलीत आंघोळ केली होती. अन् बाळंतिणीला वारा चालत नाय, हे जे पाळण्यातल्या पोरीलाही ठाऊक असतं, ते माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. यांच्याही आलं नव्हतं. विहीणबाईंच्याही आलं नव्हतं! हे मात्र मला तेव्हा सुचलं नाय, नाहीतर लगेच फोन केला असता.

यांनी वहाबभाईंना फोन लावला. ते पलीकडून लई शांतपणे म्हणाले, "मैं उस दिन शिडीपे वहीच बोलनेवाला था. मेरी बीवी बिल्किसके चारों बच्चे मई में हुए. मेरी अम्मा पंखेका बटन तक निकालके रख देती थी. भाबी बोले, पत्रा कापो." मग म्हणाले, "उस मूं को झाकण लगाना पडेगा. मैं परसों लाके देतूं. तब तक कुछ ठूंस दो."

हे म्हणाले, "दोन दिवसांनी काय बिघडतंय? नुसतं भोक तर आहे." मी बाज ओढून पार पलीकडच्या कोपऱ्यात नेली, जाळीपासून जितकी लांब जाईल तितकी. भोक तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी पाचवी. विहीणबाई पूजेला आल्या. अंगावर नवी हिरवी रेशमी साडी, हातात झबली-टोपड्यांची पिशवी. खोलीत पाऊल टाकलं अन् दचकल्या. "अगं बाई! कूलर काहून बंद?"

"बाळंतिणीला वारा चालतो का?" मी म्हणाले.

खोलीत बाजेमुळं जागा उरली नव्हती. एकच खुर्ची होती, जाळीच्या बरोबर खाली, त्यांना मागं बसवलेली तीच. बाई तिच्यावर बसल्या.

मी शेगडी पेटवली. निखाऱ्यांवर ओवा टाकला, शेपा टाकल्या, वावडिंग, लसणाच्या साली टाकल्या, अन् ती बाजेखाली सारली. धुरी बाळंतिणीला लई चांगली. धूर आधी छताला गेला, मग जरा फिरला, अन् मग सगळा मिळून जाळीकडं निघाला. मी म्हणलं, बरं झालं, वाट मिळाली.

पाच-सात मिनिटं गेली असतील. गल्लीतून आरडाओरडा आला. समोरच्या घरातला गोकुळ, महापालिकेच्या शाळेतला मास्तर, ओरडत होता. "काकासाहेब! ओ काकासाहेब! तुमचा कूलर पेटला!"

धूर बोगद्यातून चढून गच्चीवरच्या कूलरच्या चारी बाजूंनी बाहेर पडत होता. गल्लीला दुसरं काय वाटणार? मी दारातून ओरडून सांगितलं, "पेटला नाय, धुरी हाय!" पण ऐकतंय कोण. आमच्या गल्लीला नळ आठ दिवसांनी येतो अन् त्या दिवशी सहावा दिवस होता. तरी चार घरची माणसं भरलेल्या बादल्या घेऊन आमचा जिना चढली. हे सगळ्यांच्या पुढं. "मोटरवर टाका! मोटरवर!" यांचा आवाज वरून येत होता. मी तर म्हणते, अशी गल्ली मिळायला भाग्य लागतं.

पत्र्यात आधी गुडगुड असा आवाज आला. विहीणबाईंनी मान वर करून बघितलं.

उतार आतल्या अंगाला होता.

जाळी निसटली अन् तिच्यामागून चार घरांचं पाणी आलं. नुसतं पाणी असतं तरी चाललं असतं. सोबत कूलरचं भिजलेलं गवत होतं अन् व्हेंटिलेटरातली उरलीसुरली तीस वर्षांची धूळ होती. सगळं विहीणबाईंच्या डोक्यावर. बाज कोपऱ्यात होती म्हणून तिच्यावर शिंतोडासुद्धा उडाला नाय. नात झोपेतून उठली पण नाय.

विहीणबाई उभ्या राहिल्या. अंबाड्यात गवत, साडीचा हिरवा रंग पायाशी वाहू लागलेला. मोनालीनं तोंडावर दुपटं धरलं. ती हसत होती हे मला दिसत होतं, अन् मी तिला डोळ्यांनी दटावलं.

"बस," विहीणबाई म्हणाल्या. "लई झालं. मोनाली, शिवमला फोन लाव. तुला अन् लेकराला मी आत्ताच्या आत्ता घेऊन चालले."

मोनालीचं हसू गेलं. मी दारात जाऊन उभी राहिले, दोन्ही हात चौकटीला लावून.

"नेऊन काय करताल?" मी म्हणाले.

"एसीत ठेवीन!"

"बाळंतिणीला? एसीत?"

त्या मग हळूच म्हणाल्या, "एसी बंद ठेवीन."

"मग ती बी भट्टीच की!"

मी तिथंच थांबायला पाहिजे होतं, जिंकले होते ना. पण माझा बांध फुटला. म्हणाले, "दीपमालाताई, मोनालीच्या वेळेला मला माहेर नव्हतं. आई नव्हती. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. आज हिची पाचवी हाय ना? मोनालीच्या पाचवीला मी परातीपुढं बसून अकरा माणसांच्या भाकरी थापल्या. दार सताड उघडं, जानेवारीचा वारा. कुणी म्हणलं नाय की बाई, कान बांध. अजून थंडीत माझे कान ठणकतात. मी हिचे कान बांधायला दिवाळीपासून रुमाल शिवून ठेवलेत. सव्वा महिना द्या मला. मग जन्मभर तुमचीच हाय ती."

बोलता बोलता मी रडू लागले होते. हे मला नंतर कळलं.

मोनाली म्हणाली, "आई, तू हे कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं त्यात?"

विहीणबाईंनी अंबाड्यातलं गवत काढलं, खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. मग बाजेच्या उशाशी गेल्या. तिथं रुमालांची चळत होती. त्यांनी त्यातला एक लोकरीचा उचलला अन् माझ्याकडं आल्या.

"बसा," म्हणाल्या.

"मी? कशाला?"

"बसा म्हणते ना."

मी बाजेच्या कडेला बसले. त्यांनी ओल्या हातांनी माझे केस कानांमागं सारले, रुमाल डोक्यावरून घेतला अन् हनुवटीखाली गाठ मारली. चांगली घट्ट. माझ्या आईनं मारली असती तशी.

"जानेवारीचा वारा लई वाईट," त्या म्हणाल्या. "एकदा कानात बसला की निघत नाय." मग त्यांना शिंक आली. एक, मग दुसरी. मी लगेच दुसरा रुमाल उचलला, त्यांना शेजारी बसवलं अन् त्यांचे कान बांधले. नाहीतर गल्लीत झालं असतं की कडूबाईनं विहिणीला सर्दी लावली.

तेवढ्यात हे आत आले. नखशिखांत भिजलेले, हातात रिकामी बादली, चेहऱ्यावर मोठ्या पराक्रमाचं समाधान. मागून गोकुळ मास्तर डोकावत होता. यांनी बघितलं, बेचाळीस डिग्रीत तीन बाया बाजेवर ओळीनं बसल्यात, तिघींच्या कानांवर रुमाल, अन् एकीच्या अंगावरून पाणी गळतंय.

"घाबरायचं काही कारण नाही," हे म्हणाले. "मोटर वाचली. जरा चालू करून बघू का?"

"खबरदार!" आम्ही तिघी एकदमच म्हणालो.

हे जिन्याकडं निघून गेले. विहीणबाईंनी शिवमला फोन लावला अन् सांगितलं, येताना मला कोरडी साडी आण, दोन आण, मी चार दिवस इथंच हाय. मोनालीनं लेकराला माझ्या मांडीवर दिलं. मला घामाच्या धारा लागल्या होत्या. तरी रुमाल मी संध्याकाळपर्यंत सोडला नाय.